सवय लागेल का हो, डॉक्टर?

गेल्या वर्षी गणपतीला गावी निघालो तेव्हा बॅगेत लॅपटॉपचे दोन चार्जर होते, मुलीची चित्रांची वही होती, काकूसाठी बाकरवडी होती. गोळ्यांचा डबा मात्र पुण्यात फ्रीजवर राहिला. हे लक्षात आलं तेव्हा चिपळूण मागे पडलं होतं.

गोळी म्हणजे पॅरॉक्सेटीन, वीस मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. बाबा गेल्यानंतरच्या वर्षात मला जे झालं त्याचं नाव डिप्रेशन आहे हे कळायलाच सात-आठ महिने गेले, आणि त्यातून वर यायला ह्या गोळीने मदत केली. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी "बघ, मी म्हणत होतो ना, असली औषधं घेऊच नयेत" असं ऐकवायला यायचा. मी तसं म्हणत नाहीये. तीन वर्षं घेतली, बरा झालो, आणि बरा आहे तर कधीतरी बंद करावी हे मनात होतंच. गावातल्या मेडिकलमध्ये ती गोळी नव्हती. तालुक्याला मिळाली असती, पण घरात गणपती आणि बाहेर धो धो पाऊस. म्हटलं, नाहीतरी सोडायचीच आहे, आजपासूनच सोडू. मुहूर्तही चांगला.

पहिले दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी मान वळवली आणि डोक्याच्या आत वीज चमकल्यासारखं झालं. दुखलं नाही. क्षणभर सगळं बंद पडून परत चालू झालं, लाइट गेल्यावर इन्व्हर्टर सुरू होताना ट्यूब मिचकावते ना, तसं. मग नुसती बुबुळं फिरवली तरी व्हायला लागलं. चौथ्या दिवशी चक्कर, मळमळ, थंडी वाजतेय आणि घामही येतोय. रात्री अशी काही स्वप्नं की सकाळी उठल्यावर जास्त दमलेला. पाचव्या दिवशी मी चहात साखर कमी आहे यावरून बायकोवर ओरडलो आणि मग मागच्या पडवीत जाऊन अर्धा तास रडलो. काकांचं निदान पित्त. काकूने मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली.

शेवटी डॉक्टरांना फोन लावला. दोन मिनिटांत निकाल लागला. आजार परत आलाय, याचा अर्थ तुम्हाला औषधाची गरज आहे, डोस वाढवू, आणि आता कायम घ्यायची मानसिक तयारी ठेवा. फोन ठेवल्यावर मला जे वाटलं ते त्या विजेपेक्षा वाईट होतं. चाळिशी नुकतीच गाठलेली, आणि "कायम".

दुसऱ्या दिवशी पावसातच तालुक्याला जाऊन गोळ्या आणल्या. एक घेतली. चोवीस तासांत वीज थांबली, मळमळ गेली, मी माणसात आलो. आणि इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला. तीन वर्षांपूर्वी हीच गोळी डिप्रेशनवर लागू पडायला पाच आठवडे लागले होते. आजार परत आला असता तर तो एका दिवसात कसा गेला? आणि पहिल्यांदा डिप्रेशन आलं तेव्हा मान वळवल्यावर वीज कुठे चमकत होती? लक्षणं वेगळी, वेळापत्रक वेगळं. मग बग तोच कसा?

अजून एक गोष्ट आठवली. तीन वर्षांपूर्वी पहिली चिठ्ठी हातात घेताना मी तो प्रश्न विचारला होता, जो आपल्याकडे प्रत्येक जण विचारतो: "सवय लागेल का हो, डॉक्टर?" उत्तर मिळालं होतं, "छे छे, ह्याची सवय लागत नाही."

इथे शनिवार-रविवारी मी एरवी किल्ल्यांबद्दल नाहीतर जुन्या रेल्वेमार्गांबद्दल लिहितो. ह्यावेळी ह्या "छे छे"चा इतिहास खणायला बसलो.

तो सुरू होतो स्वित्झर्लंडमध्ये, कॉन्स्टन्स सरोवराच्या काठी म्युन्स्टरलिंगेन नावाच्या गावातल्या मनोरुग्णालयात. तिथे रोलॅंड कून नावाचे डॉक्टर होते. बाझलच्या गायगी कंपनीने त्यांना एक रसायन दिलं होतं, नाव नुसता क्रमांक: जी २२३५५. स्किझोफ्रेनियावर चालेल अशी आशा होती, ते काही चाललं नाही. पण १९५६ च्या जानेवारीत खोल डिप्रेशनमध्ये गेलेल्या एका बाईंना ते दिलं आणि काही दिवसांतच वॉर्डातल्या लोकांना त्या बदललेल्या दिसल्या. १९५७ मध्ये कून यांनी निष्कर्ष छापले. त्या वर्षी झुरिचच्या जागतिक मानसोपचार परिषदेत त्यांनी हा विषय मांडला तेव्हा समोर जेमतेम डझनभर श्रोते होते म्हणतात. ते औषध म्हणजे इमिप्रामिन, डिप्रेशनवरच्या गोळ्यांच्या ट्रायसायक्लिक नावाच्या कुळातलं पहिलं. (कून यांची गोष्ट इतकी सरळ नाही. त्या रुग्णालयात अनेक दशकं हजारो रुग्णांवर मान्यता नसलेली औषधं तपासली गेली, बहुतेकांना नीट न विचारताच. २०१९ मध्ये स्विस इतिहासकारांनी त्या कागदपत्रांवर आख्खं पुस्तकच काढलं. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

मला थक्क केलं ते पुढच्या गोष्टीने. इमिप्रामिन बाजारात येऊन वर्ष-दोन वर्षं होतात न होतात तोच, १९५९ मध्ये, औषध अचानक थांबवल्यावर रुग्णांना त्रास होतो अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आल्या. १९६१ मध्ये क्रेमर, क्लाइन आणि फिंक ह्या तिघांनी अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या सगळ्यात प्रतिष्ठित जर्नलमध्ये छोटासा लेख लिहिला. मथळ्यातच सरळ "विथड्रॉवल" हा शब्द. मळमळ, उलट्या, चक्कर, अंगदुखी, सर्दीसारखी लक्षणं. औषध जितके जास्त दिवस घेतलेलं तितका त्रास होण्याचा संभव जास्त. म्हणून हळूहळू सोडावं. मला गणपतीत जे झालं त्यातलं बरंचसं माझ्या जन्माच्या कितीतरी आधी छापून आलं होतं! औषधाचं कुळ वेगळं, पण रचना तीच. १९८४ मध्ये डिल्सेव्हर आणि ग्रेडन यांनी ट्रायसायक्लिक गोळ्या सोडल्यानंतरच्या त्रासांचा सविस्तर आढावाही घेतला. म्हणजे माहिती लपलेली नव्हती, ग्रंथालयात होती. मग ती माझ्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत का आली नाही?

याचं उत्तर शोधायला दुसऱ्याच गोळ्यांकडे जावं लागतं. १९६० मध्ये लिब्रियम आलं, १९६३ मध्ये व्हॅलियम. चिंता, झोप, धडधड, सगळ्यावर एकच इलाज. आधीच्या बार्बिट्युरेट गोळ्यांची लोकांना घातक सवय लागायची, ह्यांची लागत नाही असा बोलबाला होता. १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर यांनी मोठ्या डोसवरचं लिब्रियम एकदम बंद करून विथड्रॉवल होतं हे दाखवलं होतं. पण साध्या डोसचं काय, हे मान्य व्हायला आणखी वीसेक वर्षं गेली. तोवर लाखो लोक रोज गोळी घेत होते. ब्रिटनमध्ये ऐंशीच्या दशकात ह्या लोकांनी टीव्हीवर येऊन आपली कहाणी सांगितली, कोर्टात दावे लागले, आणि १९८८ मध्ये तिथल्या औषध-सुरक्षा समितीने सांगितलं की ह्या गोळ्या दोन ते चार आठवड्यांपलीकडे देऊ नका.

नेमक्या ह्याच सुमारास डिप्रेशनची नवी पिढी दारात उभी होती. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला, म्हणजे प्रोझॅकला, मंजुरी मिळाली. पॅरॉक्सेटीन डेन्मार्कच्या फेरोसान कंपनीत जन्मलं, १९८० मध्ये ब्रिटनच्या बीचम कंपनीने विकत घेतलं आणि १९९१ मध्ये सेरॉक्सॅट नावाने ब्रिटनच्या बाजारात आणलं. ह्या गोळ्या मेंदूतल्या पेशींनी सोडलेलं सेरोटोनिन परत शोषून घेणाऱ्या पंपाला अडवतात.

(डिप्रेशन आणि सेरोटोनिनची सांगड पहिल्यांदा कशी घातली गेली ह्यात एक धागा आपल्या मुंबईचा आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधाच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे ब्रिटिश जर्नलमधून जगाला दाखवलं. त्या मुळीतून १९५२ मध्ये रिसर्पिन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण उदास होतात असं दिसलं, आणि १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने रिसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो हे शोधलं. ह्या दोन्हीची बेरीज करून मोठा सिद्धांत उभा राहिला. सिद्धांत आता बराच डळमळला आहे, पण गोळ्या त्यातूनच आल्या.)

तर व्हॅलियमने तोंड पोळलेल्या डॉक्टरांना आणि पेशंटांना नवीन गोळी विकायची तर पहिला प्रश्न तोच येणार होता: सवय लागेल का? आणि उत्तर "नाही" असं देता येईल अशी सोय नुकतीच झाली होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची संघटना आजारांच्या व्याख्यांचं एक पुस्तक काढते, जगभर ते प्रमाण मानतात. १९८० च्या आवृत्तीत बहुतेक पदार्थांच्या बाबतीत "अवलंबित्व" ठरवायला दोन खुणा होत्या: डोस वाढवत न्यावा लागणं किंवा सोडल्यावर त्रास होणं. दोन्हीतली एक पुरे. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत खुणांची यादी नऊवर गेली आणि त्यातल्या किमान तीन हव्यात असं ठरलं. यादीत पदार्थापायी कामधाम सोडणं, तो मिळवण्यात दिवस घालवणं अशा गोष्टी शिरल्या. नुसता सोडल्यावरचा त्रास आता पुरेसा नव्हता.

हा बदल प्रोझॅकसाठी केला असं मी म्हणत नाही. दारू-कोकेनच्या व्यसनाचं वर्णन म्हणून तो चांगलाच होता. माझ्यासारखा माणूस गोळीसाठी घरातले दागिने विकत नाही, रात्री-अपरात्री मेडिकल फोडत नाही, म्हणजे व्यसनी नाही. कबूल. पण पेशंटचा प्रश्न वेगळा होता. आपल्या मराठीत "सवय" ह्या शब्दात दोन्ही अर्थ येतात. दारूची सवय असते, तशी उशाशिवाय झोपायचीही सवय असते. गोळीबद्दल विचारताना आपल्याला खरं म्हणजे दुसरा अर्थ विचारायचा असतो: शरीराला ह्याची इतकी सवय होईल का, की उद्या काढून घेतली तर ते बोंब मारेल? उत्तर पहिल्या अर्थाचं मिळतं. दोघंही खरं बोलत असतात आणि पेशंट फसतो.

हा गोंधळ किती अधिकृत पातळीवर झाला ते पाहण्यासारखं आहे. ब्रिटनमध्ये १९९२ ते १९९६ डिप्रेशनविरुद्ध मोठी मोहीम झाली, मानसोपचारतज्ज्ञ आणि फॅमिली डॉक्टर दोघांच्या रॉयल कॉलेजांनी मिळून केलेली. हेतू चांगला होता, लोक लाजेपोटी उपचार घेत नव्हते. मोहिमेच्या सुरुवातीला सुमारे दोन हजार सामान्य लोकांना विचारलं गेलं, त्यातले ७८ टक्के म्हणाले की ह्या गोळ्यांची सवय लागते. तज्ज्ञांनी हे अज्ञान मानलं. १९९६ मध्ये सर्वेक्षण छापताना निष्कर्ष काढला की ह्या औषधांत अवलंबित्वाची अडचण नाही हे डॉक्टरांनी लोकांना समजावून सांगावं. मला ते ७८ टक्के माझ्या काकूसारखे वाटतात. शास्त्र माहीत नाही, पण अंदाज पूर्ण चुकीचाही नाही.

त्याच काळात डॉक्टरांच्या तक्रारी मात्र जमत होत्या. ब्रिटनमध्ये थॅलिडोमाइड प्रकरणानंतर १९६४ पासून "यलो कार्ड" पद्धत आहे, औषधाचा दुष्परिणाम दिसला की डॉक्टर कार्ड भरून सरकारला पाठवतात. पॅरॉक्सेटीन सोडल्यावरच्या त्रासाबद्दल १९९३ मध्येच तिथल्या समितीने आपल्या पत्रकातून डॉक्टरांना सावध केलं होतं.

आता कंपन्यांची गंमत बघा. कारण यात खरा मसाला आहे.

डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात काही नामवंत मानसोपचारतज्ज्ञ बसले आणि त्यांनी ह्या त्रासाला नाव दिलं: "डिसकंटिन्युएशन सिंड्रोम", म्हणजे खंड पडल्यावरचा लक्षणसमूह. विथड्रॉवल हा शब्द गेला, कारण त्याला गर्दचा वास येतो. लक्षणं सहसा सौम्य आणि थोडे दिवस टिकणारी, असं ठरलं. १९९७ मध्ये हे एका जर्नलच्या पुरवणीत छापून आलं. खर्च प्रोझॅक बनवणाऱ्या एलाय लिली कंपनीचा. आता प्रश्न पडेल, की असल्या गोळ्या विकणारी कंपनी स्वतःच्याच मालाचा दोष दाखवायला पैसे का देईल?

दोष मुख्यतः दुसऱ्यांच्या मालाचा होता म्हणून. शरीरातलं औषध अर्धं व्हायला जो वेळ लागतो त्याला हाफ-लाइफ म्हणतात. पॅरॉक्सेटीनचा साधारण एकवीस तास. फ्लुओक्सेटीनचा काही दिवस, आणि शरीरात त्याचं जे दुसरं रूप तयार होतं त्याचा तर आठवडा-दोन आठवड्यांपर्यंत. फ्लुओक्सेटीन एकदम बंद केलं तरी ते आपणहून सावकाश उतरतं. १९९८ मध्ये रोझेनबाउम आणि सहकाऱ्यांनी लिलीच्याच पैशाने एक चाचणी छापली. २४२ रुग्णांच्या गोळ्या पाच ते आठ दिवस गुपचूप खोट्या गोळ्यांशी बदलल्या. फ्लुओक्सेटीनवाल्यांपैकी १४ टक्क्यांना त्रास झाला, सर्ट्रालीनवाल्यांपैकी ६० टक्क्यांना, पॅरॉक्सेटीनवाल्यांपैकी ६६ टक्क्यांना.

सौम्य! सहासष्ट टक्के!

आमच्या धंद्यात असली टेस्ट कोणी आणली तर पहिला प्रश्न विचारू, की बाबा, टेस्ट किती वेळ चालवलीस? जे औषध अंगातून जायलाच कित्येक आठवडे घेतं, ते सोडल्याचा परिणाम आठ दिवसांत दिसणारच नव्हता. फ्लुओक्सेटीनचा त्रास होतो तेव्हा तो कधीकधी इतका उशिरा येतो की कुणाला गोळीची आठवणही होत नाही. पण ह्याच छोट्या खिडकीतून पाहिल्यामुळे "थोडे दिवस टिकतो" हा समजही पक्का झाला. ब्रिटनमध्ये २००४ साली जी अधिकृत मार्गदर्शक तत्त्वं आली त्यात लिहिलं होतं की त्रास सहसा सौम्य असतो आणि आठवड्याभरात आपोआप जातो.

कोंडी फुटली ती टीव्हीमुळे. १३ ऑक्टोबर २००२ रोजी बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात शेली जोफ्री यांनी सेरॉक्सॅटवर एक भाग केला. त्यानंतर हेल्पलाइनवर सुमारे ६५,००० फोन आले आणि १,३७४ ईमेल. चार्ल्स मेडावार आणि अँड्र्यू हर्क्सहायमर यांनी ते सगळे ईमेल वाचले, आणि साधारण तितकीच यलो कार्डं समोर ठेवून ताडून पाहिले. मेडावार हे औषध कंपन्यांच्या मागे लागलेले जुने कार्यकर्ते, हर्क्सहायमर औषधशास्त्राचे डॉक्टर. ईमेलमध्ये माणसं आपल्या शब्दांत लिहीत होती: डोक्यात शॉक, डोक्यात वीज, डोळे हलवले की होणारा झटका. कार्डांवरून सरकारी यादीत जाताना तेच वर्णन ठरावीक शब्दांच्या साच्यात बसवलं जात होतं, मुंग्या येणं किंवा चक्कर येणं अशा कप्प्यांत. ज्यांनी कधी ड्रॉपडाऊन असलेला तक्रारींचा फॉर्म बनवलाय त्यांना हे लगेच कळेल. यादीत नसलेली गोष्ट घडतच नाही. आणि पेशंटला स्वतः कार्ड भरायची तेव्हा मुभाच नव्हती. ती २००५ पासून प्रायोगिक आणि २००८ पासून रीतसर मिळाली.

गावी त्या रात्री मोबाइलच्या उजेडात मी जेव्हा हे वाचलं, की माझ्या आधी हजारो लोकांनी हीच वीज सांगितली आहे, तेव्हा पडवीत बसून परत रडलो. ह्यावेळी वेगळं रडलो.

२००३ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने आपल्या माहितीपत्रकातला आकडा बदलला. पॅरॉक्सेटीन सोडताना त्रास होण्याचा अंदाज आधी ०.२ टक्के होता, तो २५ टक्के झाला. परत वाचा. पाचशेत एक होता, तो चारात एक झाला. औषध तेच, गोळी तीच.

पुढची पंधरा वर्षं मात्र फारसं हललं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेजच्या अध्यक्षांनी एका सहकाऱ्याबरोबर वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की बहुसंख्य लोकांचा त्रास दोन आठवड्यांत मिटतो. त्यावर पेशंट आणि काही संशोधक भडकले, रीतसर तक्रार झाली. मे २०१९ मध्ये कॉलेजने भूमिका बदलली: काहींना त्रास तीव्र होतो आणि लांबतो, हे मान्य. ऑक्टोबर २०१९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांतलं ते वाक्यही बदललं. पहिल्या नोंदींपासून तोपर्यंत साठ वर्षं झाली होती.

किती लोकांना त्रास होतो ह्यावर अजून भांडण आहे, आणि दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. डेव्हिस आणि रीड यांनी २०१८ मध्ये मांडलेला आकडा ५६ टक्के होता. त्यात ऑनलाइन सर्वेक्षणं होती, आणि ज्याला त्रास झालाय तोच सर्वेक्षण भरायला येतो ही टीका रास्त आहे. २०२४ मध्ये हेन्सलर आणि सहकाऱ्यांनी ७९ अभ्यास, म्हणजे एकवीस हजारांच्या आसपास लोक, एकत्र करून पाहिलं: खरी गोळी सोडणाऱ्यांत ३१ टक्के, खोटी गोळी सोडणाऱ्यांत १७ टक्के. नुसत्या भीतीनेही बराच त्रास होतो हे त्यातून दिसतं. तो वजा केला तर सहा-सातांत एक, आणि तीव्र त्रास साधारण पस्तीसात एक. टीकाकार म्हणतात, ह्यातल्या पुष्कळ अभ्यासांत लोकांनी गोळी काही आठवडेच घेतली होती, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं काय? मला वाटतं दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. बहुतेकांचं निभावतं. ज्याचं निभावत नाही त्याला "तुझा आजार परत आला" असं सांगितलं तर त्याचं नुकसान दुहेरी होतं.

आजार खरंच परत येतो हेही तितकंच खरं, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. २०२१ मध्ये ब्रिटनची एक चांगली चाचणी छापून आली. अनेक महिने गोळी घेऊन बरे असलेले ४७८ लोक. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची काही आठवड्यांत कमी करत बंद केली, कुणाला काय मिळतंय हे त्यांना माहीत नव्हतं. वर्षभरात बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचं डिप्रेशन परत आलं, चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचं. म्हणजे डॉक्टरांची भीती हवेतली नाही. फक्त तिसऱ्या दिवशी डोक्यात चमकणारी वीज आणि तिसऱ्या महिन्यात हळूहळू उतरणारा अंधार ह्यांत फरक करायला कुणीतरी पाच मिनिटं बसलं पाहिजे.

राहिला प्रश्न सोडायचं कसं. ह्यावर २०१९ मध्ये मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर यांचा लेख आला. हॉरोविट्झ स्वतः मानसोपचाराचे डॉक्टर आणि स्वतः ह्या गोळ्या सोडताना हाल झालेले. त्यांनी मेंदूच्या स्कॅनचे जुने आकडे काढले. पॅरॉक्सेटीनच्याच जातीची सिटॅलोप्रॅम घ्या. वीस मिलिग्रॅमला सेरोटोनिनचे ८० टक्के पंप अडतात. डोस निम्म्याच्याही खाली, नऊवर आणला तरी ७० टक्के अडलेलेच. पाचाच्या आसपास साठेक टक्के. साडेतीनच्या जरा खाली पन्नास. अगदी ०.८ मिलिग्रॅम उरलं तरी वीस टक्के. ग्राफ काढून बघा, वर सपाट आणि खाली कडा. डॉक्टर सांगतात "अर्धी करा, मग पाव, मग बंद", म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्या दोन-दोन इंचांच्या आणि शेवटची एका मजल्याची. पॅरॉक्सेटीनमध्ये आणखी एक मेख आहे, ते स्वतःला मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. डोस कमी केला की ते एन्झाइम मोकळं होतं आणि रक्तातली पातळी आपण केली त्यापेक्षा जास्तच घसरते.

म्हणून शेवटचे थेंब सगळ्यात सावकाश सोडायचे. पण कारखान्यातून गोळी येते ती दहाची किंवा वीसची. काही देशांत पातळ औषध मिळतं. नेदरलँड्समध्ये पीटर ग्रूट आणि जिम व्हॅन ओस यांनी रोज किंचित कमी होत जाणाऱ्या डोसच्या पट्ट्या करून घेतल्या, नंबर टाकलेल्या छोट्या पुड्यांची गुंडाळीच.

मी पुण्याला आल्यावर डॉक्टर बदलले. नव्या डॉक्टर बाई पहिल्या भेटीत पाऊण तास ऐकत होत्या. १९६१ च्या लेखाचं सांगितलं तर म्हणाल्या, "आम्हाला एम. डी.ला गोळी सुरू कशी करायची यावर खूप शिकवतात, बंद कशी करायची यावर अर्धं पान." चार महिने जुन्या डोसवर स्थिर ठेवलं, मग उतरायला सुरुवात. साधी गोळी (वेळ घेऊन विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या नसतात, हे त्यांनी दोनदा बजावलं), सोनाराकडे असतो तसा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा, आणि एक एक्सेल शीट. तारीख, डोस, झोप, वीज. वर उतरताना दोन आठवड्यांत एक पायरी जमली. सहाच्या खाली आल्यावर महिन्याला एक, आणि तीही छोटी. मध्ये एकदा घाई केली तर पाच आठवडे एकाच आकड्यावर थांबावं लागलं. कुणी हे वाचून स्वतःच्या मनाने काटा विकत आणू नये. काटा कामाचा आहेच, पण माझ्या बाबतीत तो बाईंच्या सांगण्यावरून चालतो, आणि दर महिन्याला त्या शीट बघतात. मुख्यतः "वीज" आणि "अंधार" हे दोन कॉलम वेगळे राहताहेत ना, हे बघतात. वेगळा कॉलम करायची कल्पना त्यांचीच.

यंदा गणपतीला डबा बॅगेत सगळ्यात आधी टाकला. शीटवर आकडा ३.५ आहे. पोचल्या पोचल्या काकूने विचारलं, "काय रे, ती वीज अजून चमकते का?" म्हटलं, गेल्या महिन्यात दोनदा. ती म्हणाली, "बरं. तरी संध्याकाळी दृष्ट काढते," आणि मीठ-मोहऱ्या आणायला आत गेली.